पुतळाबाईंचा रविवारचा सिनेमा

मित्रांनो, मी लासुर्ण्यातला एक जुना टीव्ही आहे. चौदा वर्षांपूर्वी या घरचा मुलगा संघपाल एका कंपनीत नोकरीला लागला आणि त्याने मला बारामतीहून मोटारसायकलवर आणले. त्याच्या आई, पुतळाबाई, मागे बसून मला मांडीवर धरून होत्या. तेव्हापासून त्यांच्या रविवारच्या दुपारी माझ्यापुढेच गेल्या.

आधीच्या सिनेमांत रुसून गेलेले सगळे शेवटी एकाच घरात परतत. हल्लीच्या सिनेमांत मुले वेगळी राहतात, मुलगी लग्नाला नको म्हणते, नवरा चपात्या लाटतो. ते पाहून पुतळाबाई खुदकन हसत.

मग गेल्या उन्हाळ्यात सूनबाई मेघना दर रविवारी पेनड्राइव्ह लावू लागली. ती बारामतीच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. तीन रविवारी तीन सिनेमे झाले. तिन्हींत मुलगा-सून शहरात निघून जात आणि म्हातारी गावी एकटी, आनंदाने झाडांना पाणी घाली. मला शंका आली. पुतळाबाईंना ती माझ्याआधीच आली होती. त्या पडद्यापेक्षा सुनेच्या तोंडाकडेच जास्त बघत. फोन आला की मेघना अंगणात जाई, आणि पुतळाबाई माझा आवाज बारीक करत.

चौथ्या रविवारी त्यांनी सिनेमा मध्येच थांबवला.

"मेघना, ही म्हातारी मीच हाय न्हवं?"

संघपाल चहाच्या कपात बघत राहिला. मेघना हळूच म्हणाली, "आत्या, बारामतीत दोन खोल्या बघितल्यात. रोजचं जाणं-येणं आता झेपंना. तुमाला कसं सांगावं, कळंना."

"म्हणून सिनेमाकडनं सांगितलंस व्हय? ह्या म्हातारीला कुणी इचारलं का, तुला काय पायजे म्हणून? तिला नुसती हसत ठेवलीया."

"मी विचारतो, आई," संघपाल म्हणाला. "येतीस का आमच्यासंगं?"

पुतळाबाईंनी रिमोट खाली ठेवला.

"न्हाय. माझं रान हितं हाय, माणसं हितं हायती. तुमी जावा. पर इचारलंस, बरं वाटलं."

जूनमध्ये दोघे गेले. आता रविवारी मी बहुतेक बंदच असतो. पुतळाबाई फोनवर सुनेशी बोलतात. जेवलीस का विचारतात, आणि मध्येच म्हणतात, "खरं सांग."

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर फडक्याने पुसा, एवढे पुरे. पण घरच्या माणसाला जे सांगायचे, ते माझ्याकडून सांगू नका. मला नुसते दाखवता येते. कुणाला विचारता येत नाही.