मंठाळ नावाचा ग्रह

शारदाबाईंनी बीदरच्या कॉलेजात तीसेक वर्षं फिजिक्स शिकवलं. त्या निवृत्त झाल्या आणि दोनच वर्षांत यजमान पांडुरंगराव गेले. तेव्हापासून बीदरमधल्याच मैलूर भागातल्या घरात त्या एकट्याच. मुलगी विनीता बेंगळूरला एका कंपनीत होती. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. जेवण, गोळ्या, पाऊस एवढं विचारून झालं की दोघींनाही पुढं काही सुचायचं नाही. मायलेकींच्या मधे बोलका माणूस एकच होता, आणि तोच गेला होता.

एका रविवारी मात्र विनीतानं गोळ्यांचं विचारलंच नाही.

"आई, पृथ्वीएवढा ग्रह फोडायचा म्हटलं तर काय लागंल?"

"कामून? कुणी फोडायलंय?"

विनीता हसली आणि सांगायला लागली. दर शनिवारी संध्याकाळी तिच्या खोलीवर पाच मित्रमैत्रिणी जमायचे. खेळ गोष्टीचा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. गोष्ट सांगायचं काम विनीताकडं. सगळं घडतं दूरच्या ताऱ्यांवर. शत्रूकडं किरणांची तोफ आहे, आणि शेवटी त्या तोफेनं एक अख्खा ग्रह उडवायचा आहे.

"पण आमच्यात सोमशेखर म्हणून एकजण आहे, आपल्या कलबुर्गीचाच. इंजिनिअर. जिथं तिथं 'हे कसं शक्य आहे' म्हणून अडवतोय."

"मग बरोबरच करायलाय की."

फोन ठेवल्यावर शारदाबाई अर्धवट चिरलेली मेथी तशीच सोडून कागद घेऊन बसल्या. ग्रहाचं वस्तुमान, त्रिज्या, गुरुत्व. बऱ्याच दिवसांनी डोकं तापलं, आणि बरं वाटलं. संध्याकाळी विनीतानंच परत फोन केला.

"फोडायला लई लागतं गं," त्या म्हणाल्या. "ग्रहाचा कण न् कण त्याच्याच गुरुत्वानं आत ओढलेला असतो. तो सगळा उधळायचा आणि परत जवळ येऊ द्यायचा न्हाई म्हटलं, तर आपल्या सूर्याची आठवडाभराची सगळी ऊर्जा, एक किरण वाया न घालवता, त्या एका ग्रहावर ओतावी लागंल. तुझ्या तोफेत ती कुठून येणार?"

"आणि नुसतं वरचं सगळं मारायचं असलं तर?"

"ते सोपंय. समुद्र उकळून टाकायला त्याच सूर्याचे दहा-बारा सेकंद पुरतात." त्यांनी कागद उलटा ठेवला. "फोडणं अवघड. रिकामं करणं सोपं."

त्यानंतरचे रविवार वेगळे गेले. केवढा धोंडा आदळला तर समुद्र उरणार नाहीत? चंद्र खाली ओढता येईल का? हवा उडवून लावता येते का? शारदाबाई आठवडाभर उत्तरं जुळवून ठेवायच्या. ज्वालामुखीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी सांगितलं, "आपल्या घराच्या पायाखाली खोल काय आहे, ठाऊक आहे का? लाव्हाच. थरावर थर. लाखो वर्षं ओतत होता. त्याला तोफ लागली न्हाई."

शेजारच्या सोजराबाई एकदा दही घ्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. शारदाबाई फोनवर तासभर बोलतात हे त्यांना नवीन होतं. फोन संपल्यावर त्यांनी काळजीनं विचारलं, "काय झालं हो अक्का? लेकीचं काही?"

"न्हाई हो. ग्रहाचं चाललंय."

"कोणता वाकडा आहे? शनी का? शनिवारी तेल वाहा म्हणावं तिला."

विनीताला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. शारदाबाईही हसल्या. मग त्यांना आठवलं, "अगं, त्या ग्रहाचं नाव काय ठेवलीस?"

विनीता जरा घुटमळली. "मंठाळ."

"माझं माहेर फोडायलीस व्हय गं!"

"दुसरं नावच सुचेना, आई. आणि त्या लोकांना ते अगदी दूरच्या ताऱ्यावरचं वाटतं."

मग काय, मंठाळाचंच बोलणं सुरू झालं. तुरीच्या शेतातून शाळेला जाणारी वाट, विहिरीवरची मोट, बाजाराच्या दिवशी वडिलांच्या खिशातून पडणारे फुटाणे. यातलं विनीताला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. तिनं कधी विचारलं नव्हतं, हेही खरं. विनीतानं त्यातलं बरंचसं आपल्या ग्रहावर नेऊन ठेवलं. तिथं आता तूर पिकत होती.

ती गोष्ट संपायची होती त्या शनिवारी विनीतानं आईलाही व्हिडिओवर बसवलं. शारदाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली आणि साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. पलीकडं पाच तरुण चेहरे दिसले. सगळ्यांनी "नमस्कार अम्मा" म्हटलं. विनीता बोलायला लागली. शारदाबाईंना आपली मुलगी ओळखूच येईना, इतकी ती संथ आणि खोल आवाजात बोलत होती. मंठाळावर संध्याकाळ झाली. शेतातून बायका परतायला लागल्या. आभाळात एक पांढरी रेघ उमटली, जमीन हादरली आणि ग्रह मधोमध दुभंगला. दोन अर्धी दोन दिशांना निघून गेली, कायमची. विनीता थांबली. एका मुलीनं डोळे पुसले.

तेवढ्यात सोमशेखरनं कॅमेऱ्याकडं वळून कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, हे होऊ शकतं का?"

त्यांना विचारलं होतं. तीस वर्षं वर्गात कुणी विचारलं की त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ग्रह म्हणजे भाकरी न्हवं, मोडली की दोन तुकडे. एवढ्या जोरानं ती अर्धी सुटूच शकत नाहीत. थोडी लांब जातील आणि एकमेकांवर परत येऊन पडतील. पुन्हा गोळाच होणार. तापलेला, पण गोळा."

सोमशेखर खूश झाला. त्यानं पुढचं विचारलं, त्यांनी पुढचं सांगितलं. डोळे पुसणारी मुलगीही प्रश्न विचारायला लागली. फळा नव्हता म्हणून शारदाबाईंनी ताटावर दोन लिंबं ठेवून दाखवलं. सगळे हसले. मजा आली. विनीता काही बोलत नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बराच वेळ गेला होता.

"थँक यू, आई," ती म्हणाली आणि पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी रविवारचा फोन आला, पण आवाज सपाट होता.

"मला ठाऊक होतं ते खोटंय. तूच सांगितलं होतंस."

"मग तसं कामून केलीस?"

"कारण फुटल्यावरच संपतं, आई. त्यांनी रडावं म्हणून मी दोन महिने ते जमवत होते. तू त्यांना गणित घातलंस."

"त्यानं विचारलं म्हणून..."

"हो. तुला विचारलं की तू सांगतेस."

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. शारदाबाई फोन जवळ घेऊन बसायच्या, पण स्वतः लावायच्या नाहीत. मुलीला कामात त्रास कशाला द्यायचा, असं त्या आजवर म्हणत आल्या होत्या. खरं कारण त्यांना आता कळत होतं. लावला तर बोलायचं काय, हेच त्यांना माहीत नव्हतं. नवीन एक-दोन हिशेब सुचले होते. ते सांगायला ऐकणारं कुणी नव्हतं.

मार्गशीर्षात चुलतभाऊ श्रीपतरावांच्या नातवाचं बारसं निघालं, म्हणून त्या बसनं मंठाळला गेल्या. जेवणं झाल्यावर एकट्याच गावात फिरल्या. शाळा होती. तुरीची शेतं पिवळी फुलली होती. वडिलांचं घर बियाणं विकणाऱ्या माणसानं घेऊन पुढं शटर लावलं होतं. दुकानातल्या पोरानं विचारलं, "काय पाहिजे, आजी?" त्या म्हणाल्या, "काही न्हाई." गाव जिथल्या तिथं होतं. एक दगड हलला नव्हता. त्यांना ओळखणारं मात्र रस्त्यावर कुणी भेटलं नाही. बस येईपर्यंत त्या थांब्यावर बसून राहिल्या आणि पदरानं तोंड झाकून थोडं रडल्या. फुटलं असतं तर निदान संपलं म्हणता आलं असतं. आपल्या मुलीला ग्रह का फोडायचा होता, ते तिथं त्यांना समजलं.

त्या रविवारी त्यांनी स्वतः फोन लावला.

"काय झालं? बरं आहे ना?" विनीता घाबरलीच.

"बरं आहे. मंठाळला जाऊन आले." मग त्या म्हणाल्या, "तू फोडलीस ते बरोबर होतं. मी गप बसायला पाहिजे होतं."

मग विनीता म्हणाली, "तो खेळ बंद पडला, आई. तुझ्यामुळं न्हाई. सोमशेखरला पुण्याला नोकरी लागली. बाकीच्यांना शनिवारी वेळ होत नाही."

"म्हणजे आता हिशेब नको."

"नको."

पूर्वी इथंच फोन ठेवला जायचा. शारदाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विनीता, ठेवू नकोस. विचारायचं काही न्हाई. काय करायलीस ते करत राहा. फोन तसाच असू दे."

"मी कपडे घड्या करायलेय."

"कर की."

विनीतानं फोन स्पीकरवर टाकला. कपडे झटकल्याचा आवाज यायला लागला, मग कपाटाचं दार, मग नळ. शारदाबाई इकडं लसूण सोलत होत्या. मधेच विनीता म्हणाली, "आई, आहेस?" त्या म्हणाल्या, "व्हय." पुन्हा दोघी आपापल्या कामात.

थोड्या वेळानं पलीकडं बेल वाजली. कुणी तरी आलं. विनीता भराभर कन्नडमध्ये बोलायला लागली आणि कशावर तरी मोठ्यानं हसली. फोन चालू आहे हे ती विसरली असावी. आलेला माणूस आत येऊन बसला, चहाचं विचारणं झालं, कप वाजले. शारदाबाई हातातली लसणाची पाकळी तशीच धरून ऐकत राहिल्या. मुलगी घरात कशी असते, हे त्यांना पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

मग त्यांनी हात पुसले, आवाज न करता फोन बंद केला, आणि फोडणीसाठी तेल तापत ठेवलं.