उन्हाकडे जाणारा हात

उन्हात गेलं की ज्ञानदाचा उजवा हात डोळ्यांपुढे हलू लागायचा. सूर्याकडे तोंड, बोटं फाकलेली, आणि हाक मारली तर ओ म्हणून नाही! तिच्या आईला, विभाला, वाटलं, आठ वर्षांच्या घोडीला ही काय भलती सवय. तिने दटावलं, एकदा फटकाही दिला. सासऱ्यांचं, म्हणजे सदाशिवरावांचं, निदान निराळंच. पोरीची नजर कमजोर आहे, हे त्यांनी चष्मा पुसता पुसता ठरवून टाकलं. मग रोज सकाळी नातीला वैशाली नगरातल्या घराच्या गच्चीवर न्यायचं आणि डोळे उघडे ठेवून सूर्याला अर्घ्य द्यायला लावायचं, असा उपाय सुरू झाला. जयपूरला उन्हाचा तुटवडा नाही. हात जास्तच हलू लागला.

गेल्या रथसप्तमीला ती तांब्यासकट खाली कोसळली, तेव्हा कुठे सगळे दवाखान्यात पळाले. तिथे डोक्याला तारा लावून डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवला, आणि कागदावरच्या रेघा सैरावैरा धावल्या. हा अपस्माराचा एक दुर्मीळ प्रकार, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ऊन डोळ्यांत शिरलं की क्षणभर भान हरपतं, आणि त्यातच हात हलतो.

"बच्ची जानबूझकर नहीं करती," त्या विभाकडे बघून म्हणाल्या. विभाला तो फटका आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

औषध सुरू झालं. गडद निळा चष्मा आला, रुंद काठाची टोपी आली. अर्घ्याचं काम सदाशिवराव आता एकटेच, खाली मान घालून उरकत. मोठा झटका पुन्हा आला नाही. पण छोटे झटके येतात का, हे कळल्याशिवाय औषधाचं प्रमाण ठरेना. शाळेतलं कोण सांगणार? ज्ञानदाला विचारलं की ठरलेलं उत्तर, "नाही झालं." आणि म्हणताना नजर चपलांकडे.

संक्रांत आली. त्या दिवशी अख्खं जयपूर गच्चीवर असतं आणि माना आभाळाकडे. विभाने सकाळीच जाहीर केलं, "आज तू घरात. तिळाचे लाडू वळ."

"का पण? मला तर होतच नाही ना आता!" ज्ञानदा रडकुंडीला आली. "मतलब, होत असेल तर नाही नेणार. आणि नसेल तरी नाही?"

विभा वाद घालायला गेली आणि तिथेच अडकली. पोरीचा हिशेब चोख होता. हात हलला तेव्हा फटका मिळाला, पडली तेव्हा सायकल गेली, पोहणं गेलं. मग ती कशाला खरं सांगेल?

"ठीक आहे," विभा म्हणाली. "चल गच्चीवर. आणि झालं तर सांगायचं. सांगितलंस म्हणून खाली आणणार नाही. शब्द देते."

ज्ञानदा जिन्याकडे पळालीसुद्धा.

वारा उत्तरेचा, त्यामुळे पतंग नेमके दक्षिणेला, उन्हाच्या दिशेने. सदाशिवरावांनी पतंग घेतला आणि नातीला आपल्यासमोर, उन्हाकडे पाठ करून बसवलं. तिच्या हाती मांज्याची चरखी. "ढील द्या, आबा!" ती ओरडत होती. शेजारच्या गच्चीवरून "वो काटा!" झालं, तशी ती चष्मा कपाळावर सारून वळली आणि वर पाहिलं. चरखी जागीच थांबली. विभा धावलीच.

"आई," ज्ञानदा भानावर येत म्हणाली, "झालं. आत्ता."

विभाच्या जिभेवर 'चल खाली' आलं होतं. ते तिने गिळलं. चष्मा नीट बसवला, टोपी घातली, आणि तिला टाकीच्या सावलीत नेलं.

"खाली नाही ना जायचं?"

"नाही. बरं वाटलं की परत बस आबांपुढे."

ज्ञानदाने तिच्याकडे निरखून पाहिलं, खरंच सांगतेय का ते. मग एकदम बोलू लागली. "मघाशी जिन्यात पण झालं होतं. आणि सोमवारी शाळेत. खिडकीपाशी बसते ना, तिथे रोज होतं."

विभाने एकेक नीट ऐकून घेतलं. शाळेतल्या बाईंना सांगून जागा बदलता येईल, डॉक्टरांना सांगून औषधही. मुलीचे झटके ऐकून डोळ्यांत आनंदाने पाणी आलेली आई त्या दिवशी जयपुरात दुसरी नसेल.

"आणखी?" तिने विचारलं.