आधीचा माणूस

संकलिकेने अकराव्या सेकंदाला चित्र थांबवलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पडद्यावर ढगळ टी-शर्टातला, पोट सुटलेला, खांदे पडलेला माणूस उभा होता आणि त्याच्या पायाशी अक्षरं होती : 'आधी'. तो तिचा नवरा होता. हे दिग्दर्शकाला माहीत होतं, शेजारी बसलेल्या जिमच्या मालकाला नव्हतं.

"हाच!" मालक म्हणाला. "बाराच्या बारा लोकांना हाच लक्षात राहिलाय. मला काही कळेनासं झालंय."

काल बारा अनोळखी माणसांना बसवून जाहिरातीचे तीन कट दाखवले होते. पहिल्यात नुसता घाम आणि दणदणाट, दुसऱ्यात आरशासमोर हसणाऱ्या बायका, तिसऱ्यात 'आधी' आणि 'नंतर'. तिसरा बघून सात जणांनी तिथल्या तिथे जिमचा पत्ता विचारला. पण 'नंतर'च्या मॉडेलबद्दल, ज्याचे दंड मालकाने जातीने पारखले होते, कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"दंड बघून यावं ना माणसाने! पोट बघून कोण येतं? जाहिरात चालतेय कशामुळे, तेवढं सांगा. पुढच्या वेळी तेच दोन चमचे जास्त घालू."

"प्रकाशयोजना," दिग्दर्शक म्हणाला. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास दिसला नाही.

"बाई, तुम्ही सांगा."

"मला वाटतं, दुसरा कट घ्यावा," ती म्हणाली. "बायकांचा. तो जास्त... प्रसन्न आहे."

"तो बघताना दोघांना झोप लागली होती, बाई."

शूटिंगच्या दिवशी 'आधी'साठी ठरलेला माणूस आलाच नव्हता. या धंद्यात 'आधी' आणि 'नंतर' एकाच सकाळी दोन वेगळ्या माणसांवर उरकतात. केसांची ठेवण आणि टी-शर्टाचा रंग सारखा ठेवला की झालं. सगळे हातावर हात धरून बसले होते. दिग्दर्शक म्हणाला, "कुणीतरी असा, जरा...", आणि तिने नवऱ्याला फोन लावला. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि त्या दिवशी सुट्टी होती. जिमचा एक सभासद म्हणून उभं राहायचंय, इतकंच तिने त्याला सांगितलं. बाकी ताकास तूर लागू दिली नाही.

आता हा कट ठरला, तर तो उद्यापासून घराघरांत दिसणार होता. वर्गातली पोरं त्याला 'आधी सर' म्हणायला दोन दिवससुद्धा घेणार नव्हती. आणि तो घरी येऊन तिला काय म्हणेल, याचा विचार ती आठवडाभर टाळत आली होती.

तिने तो शॉट पुन्हा चालवला. कॅमेऱ्यात बघा, असं चार वेळा सांगूनही तो किंचित डावीकडे बघत होता. डावीकडे ती उभी होती. भेदरलेला, आणि बायको समोर आहे म्हणून निर्धास्तही, असं दोन्ही एकाच चेहऱ्यावर. बारा जणांतल्या एका बाईंनी लिहिलं होतं : 'तो मला काहीतरी विचारतोय असं वाटलं.' पण एक माणूस बायकोकडे बघतो म्हणून सात परकी माणसं जिमचा पत्ता का विचारतात? हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"माहीत नाही," ती मालकाला म्हणाली. ते निम्मं खरं होतं.

तिसरा कट ठरला. ती संध्याकाळी घरी पोचली तेव्हा नवरा जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होता. उद्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा आज आपण सांगितलेलं बरं, म्हणून तिने चप्पलही न काढता लॅपटॉप त्याच्यापुढे उघडला.

"हे बघ. आणि चिडायचं असेल तर चीड, पण मला बोलू दे."

त्याने तीस सेकंद बघितलं. 'नंतर'चा मॉडेल आला तेव्हा चष्मा वर केला, मग खाली केला.

"छान झालीये," तो म्हणाला.

"अरे, मी तुला सांगायला हवं होतं..."

"मला कळलं होतं गं. मेकअपवाला म्हणाला ना, सर, अजून थोडे वाईट दिसा. भूगोलाचा मास्तर झालो म्हणून काय एवढंही कळत नाही?"

"मग 'नको' का नाही म्हणालास?"

"तुझं काम अडलं होतं." त्याने लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "एकच विचारायचं होतं. त्यांना असा माणूस हवाय म्हटल्यावर, मी तुला किती वेळाने आठवलो?"

दिग्दर्शकाचं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं.

"बऱ्याच वेळाने," ती म्हणाली. "खूप जण आठवून बघितले. कुणी मोकळंच नव्हतं."

"हं." तो हसला. "मग ठीक आहे."

त्याने पुढची वही ओढली आणि एका नकाशातली नदी दुरुस्त करायला घेतली. चहा टाकायला वळताना तिचं लक्ष गेलं. तो पोट आत ओढून, ताठ बसला होता. आजच, की शूटिंगच्या त्या सकाळपासून रोजच, ते तिला काही केल्या आठवेना.