साक्षीतलं एक वाक्य

कोर्टाच्या व्हरांड्यात सकाळपासून मी नुसत्या येरझारा घालत होतो. बसलं की पाय आपोआप हलायचे. मुलगी मात्र बाकावर शांत वाचत बसली होती. शाळेत प्रार्थनेला ती एकटी हात न जोडता उभी राहते. त्यापायी हेडबाईंनी मला दोनदा बोलावलं, आणि दोन्ही वेळा मी तिच्या बाजूने कडाकडा भांडलो.

खटला लिफ्टचा. मी आणि माझा जोडीदार, दोघंही लिफ्टचे मिस्त्री. ब्रेक पार झिजला होता. बदलायला हवा, असं मी मालकाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "देवाचं नाव घ्या आणि चालवा." जोडीदाराने खरंच घेतलं, तो रोज हात जोडूनच कामाला लागायचा. लिफ्ट सुटली तेव्हा तो खाली खड्ड्यात होता. आता मालक म्हणतो, मला कुणी काही बोललंच नाही. ते ऐकलेला माणूस आता मी एकटाच उरलोय.

आमच्या वकीलबाईंनी बजावलं, "कायद्याने तुम्हाला देवाच्या शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा घेता येते. पण घेऊ नका. इथे नास्तिकाच्या शब्दाला कुत्रं विचारत नाही."

"म्हणजे खरं सांगायच्या आधी खोटं बोलू?"

"भावजी," जोडीदाराची बायको मध्येच म्हणाली, "देवावरून तुम्ही दोघं वाद घालायचात, आणि दर वेळी तुम्हीच जिंकायचात. आज माझ्यासाठी हरा."

मला वहिनींचा राग आला. मग त्यांचा राग आल्याचा राग आला.

शेवटी देवाची शपथ घेतली. ब्रेक, तारीख, मालकाचं बोलणं, सगळं घडलं तसं सांगितलं. मग मालकाचा वकील उठला.

"गेल्या निवडणुकीत तुम्ही उभे होतात. पत्रकात छापलंत, मी देव मानत नाही. मतं किती पडली?"

"अकरा."

कोर्ट हसलं. माझे कान तापले.

"आमचे मालक श्रद्धाळू, म्हणून तुमच्या पोटात दुखतंय. की आता देव मानता?"

वहिनींनी बाकाची कड घट्ट धरली. मुलगी निवांत होती. तिला माझं उत्तर ठाऊक होतं.

"मानतो," मी म्हणालो. "जोडीदार गेला तेव्हापासून."

न्यायाधीशांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. वकील खाली बसला. अख्ख्या साक्षीत तेवढंच खोटं होतं, आणि तेवढंच सगळ्यांना पटलं.

बाहेर वहिनी रडत होत्या, माझे आभार मानत होत्या. मला तिथे उभंच राहवेना. मुलीला घेऊन मी जिना उतरू लागलो.

"बाबा, मग उद्यापासून प्रार्थनेला मी हात जोडू?"

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. पण दोन पायऱ्या मागे मालकाचा वकील उतरत होता, आणि निकाल अजून लागायचा होता.

"जोड," मी म्हणालो.