वाटेवरचा चोथा

आमच्याकडे, चीनमधल्या बोझौ शहरात, काढ्याचा चोथा वाटेवर टाकतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी दुखणं घरापासून लांब जातं म्हणे. आणि वाटेने एखादा जाणता वैद्य चालला असेल, तर चोथा बघून औषधातली चूकही सांगतो. असे फुकटचे जाणते आमच्या गल्लीत एकच, मौ वैद्यबुवा. रोज सकाळी काठीने लोकांचा चोथा उकरायचा आणि नावं ठेवायची, हा त्यांचा नेम.

माझी बायको युनश्या इसबाने बेजार होती. बुवांचा काढा सुरू केला, महिन्याभरात खाज गेली आणि डोळे पिवळे झाले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून बजावलं, "काढा आजच्या आज बंद. यकृताला सूज आहे."

बुवा म्हणाले, "अंगातलं विष बाहेर पडतंय. झाडपाल्याने कधी कुणाचं वाईट झालंय का?" मी म्हटलं, "मग धोतरा काय कारखान्यात पिकतो?"

पण बायकोला बुवा पटले. मी ओरडलो, रडलो, हात जोडले. "तुला काय कळतंय? सात पिढ्यांचं औषध आहे," म्हणत तिने वाडगं तोंडाला लावलं. ही माझ्या डोळ्यांदेखत मरणार, या भीतीने मला घास जाईना.

शेवटी एका रात्री मी तिचा चोथा उचलला आणि बुवांच्या हाडवैऱ्याच्या, तान वैद्याच्या दारात नेऊन ओतला. सकाळी भाजीचं निमित्त काढून युनश्यालाही तिकडे नेलं.

बुवा आले. चोथ्यात काठी घातली, एक पांढरी साल उचलून हुंगली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा रे बघा! बाइश्यानची साल मुठीमुठीने घातलीय! पिणाऱ्याचं यकृत सडेल! हा तान वैद्य आहे की खाटीक?"

माणसं जमली. मी म्हटलं, "बुवा, हा काढा तुमचाच आहे. हिला दिलेला."

बुवांनी साल हळूच खाली टाकली. मग म्हणाले, "मग गोष्ट वेगळी. आमच्या हाताला गुण आहे."

युनश्या तडक वळली. घरी गेली, सकाळचा काढा घेऊन आली आणि वाडगं दोन्ही हातांनी बुवांपुढे धरलं.

"घ्या बुवा. तुमच्याच हातचा आहे."

बुवा एक पाऊल मागे सरले. "नको गं पोरी. या वयात यकृत नाजूक असतं."

युनश्याने तो काढा तिथेच वाटेवर ओतला.