बिजागरीतला जॉइंट

जजबाईंची गाडी गॅरेजसमोर येऊन थांबली तेव्हा तिचा मागचा वायपर चालू होता. ऊन रखरखीत, काच कोरडी ठणठणीत, आणि वायपर आपला कुईं कुईं करत काच पुसतोय. वायरकाका दारातच उभे होते. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग जजबाईंकडे.

"बाई, भूत शिरलंय हिच्यात."

"शिरू दे. तुम्ही फक्त त्याचं नाव सांगा, मी नोटीस काढते," जजबाई म्हणाल्या.

जजबाई म्हणजे निवृत्त न्यायाधीश. नोकरी संपली तरी आवाज अजून खुर्चीवरच बसलेला. गाडी त्यांच्याकडे थोरल्या भावाकडून आली होती, आणि एकेकाळी तिला बघायला माणसं रस्त्यात थांबायची. चामड्याच्या सीटा, छताला काच, बटण दाबलं की आपोआप उघडणारी डिकी. आता सोळा वर्षांनी ती डिकी बटण न दाबताही उघडायची. ब्रेक दाबला की मागचा वायपर फिरायचा. दर तिसऱ्या सकाळी बॅटरीनं मान टाकलेली. आणि परवा तर कहरच झाला. सिग्नलला उभ्या असताना ड्रायव्हरची सीट आपणहून पुढे पुढे सरकत गेली आणि जजबाई स्टिअरिंगला चिकटल्या. शेजारचा स्कूटरवाला हसला, याचा त्यांना जास्त राग आला होता.

वायरकाकांचं खरं नाव गिऱ्हाइकांना सोडाच, वीजबिलवाल्यालाही आठवत नसे. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी उसवायच्या आणि शिवायच्या, दुसरा धंदा केला नाही. हात सोन्याचा होता, तोंड मात्र विचारू नका. गॅरेजात त्यांच्याबरोबर दोन माणसं. टेबलावर फोन आणि बिलं सांभाळणारी त्यांची एकुलती एक लेक, आणि लेकीचा नवरा, म्हणजे जावई. जावई शांत माणूस. चार वर्षांपूर्वी तो स्कॅनर नावाचं यंत्र घेऊन गॅरेजात आला, आणि तेव्हापासून काका त्या यंत्राकडे सवतीसारखे बघत होते.

जावयानं स्कॅनर लावला. पडद्यावर यादी सरकायला लागली, ती थांबेचना.

"एक्केचाळीस फॉल्ट आहेत, मामा." सासऱ्यांना तो मामाच म्हणे.

"एक्केचाळीस! त्यापेक्षा गाडीत चांगलं काय उरलंय ते विचारा तुमच्या यंत्राला. यादी आटोपशीर होईल."

"एवढे वेगवेगळे नसणार. कुठेतरी एकाच ठिकाणी करंट गळतोय. बॅटरी अर्धी झाली की बाकीचे सगळे कॉम्प्युटर भ्रमिष्टासारखे वागायला लागतात."

हे काकांनाही पटलं होतं, पण पटलं असं म्हणतील तर ते काका कसले! ते डॅशबोर्डखाली शिरले आणि दोन मिनिटांत आतून ओरडले. कुणीतरी मोबाइल चार्जरसाठी वायर ओढून नुसती पीळ मारून सोडली होती. झालं. काकांना हवं होतं तेच सापडलं.

"बघा बाई, बघा! कुणा गाढवानं हात मारलाय या गाडीत. एका ठिकाणी असं केलंय म्हणजे आणखी कुठेतरी केलंच असणार. बिनडोक, आंधळा मेला! मी त्याला शोधून काढतो आणि तुमच्यासमोर उभा करतो."

"करा. बऱ्याच दिवसांत मी कुणाला शिक्षा ठोठावलेली नाही," जजबाई खुशीत म्हणाल्या. "शुक्रवारी पाचला येते."

हा मंगळवार होता. जावई म्हणाला, तुम्ही पुढचं बघा, मी मागचं बघतो. अर्ध्या तासानं तो हात पुसत आला. "मागचं मी उघडून बघितलं. आधी पुढचंच नीट संपवू या," एवढंच बोलला आणि सीटखाली डोकं घालून बसला.

बुधवार गेला, गुरुवार उजाडला. काकांनी फ्यूज एकेक करून काढले, घातले, सीटा बाहेर काढून भिंतीला टेकवल्या. गळती काही सापडेना. आणि काम अडलं की काकांच्या जिभेला धार यायची. अर्धी धार त्या अज्ञात गाढवाला, अर्धी जावयाला. "ज्यानं याच्या हातात पक्कड दिली ना, त्या उस्तादाला आधी फटके मारायला हवेत!" हे गाढवाचं. "आमचे जावईबापू म्हणजे मोठे डॉक्टर. नुसते रिपोर्ट काढतात, रोगी तसाच!" हे जावयाचं, आणि तेसुद्धा जजबाई चौकशीला डोकावल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर. जावयाचे कान लाल झाले, पण तो बोलला नाही.

बोलायचा तो एकच गोष्ट. "मामा, जेवायला घरी जा ना. थोडं पडा. मी आहे इथे."

"का? मी अडगळ झालो वाटतं? गाडी सुटेपर्यंत मी इथून हलायचा नाही!" काकांनी डबा गॅरेजातच मागवला आणि गाडीच्या पायरीवर बसून हट्टानं जेवले. दुसऱ्या दिवशी जावयानं पुन्हा तेच सुचवलं. काकांनी पुन्हा तेच सुनावलं. म्हातारा नकोसा झालाय यांना, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं.

गुरुवारी दुपारी लेक चहाचे कप घेऊन आली आणि जावई हात धुवायला गेला तेवढ्यात हळूच म्हणाली, "बाबा, त्याला बाहेरून बोलावणं आलंय. मोठी कंपनी आहे, चार तासांवरचं शहर. वायरिंगच्या अख्ख्या विभागाचा मुख्य म्हणून. राहायला घर देताहेत. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय."

काकांच्या हातातला कप तिथेच थांबला. "आणि तू?"

"मी काय इथे एकटी राहू?"

"पण का? इथे काय कमी आहे?"

"चार वर्षांत तुम्ही एकदा तरी त्याला शाबास म्हणालात का, बाबा?"

"मनात म्हणतो की."

"मनातलं त्या स्कॅनरवर दिसत नाही हो," लेक म्हणाली आणि टेबलाशी जाऊन बसली.

काकांची बायको गेली त्यानंतर घर म्हणजे झोपायची जागा उरली होती. खरं घर हेच. सकाळी शटर वर करताना लेकीचं "बाबा, चष्मा घेतलात का?" आणि जावयाचं गुणगुणत हत्यारं मांडणं. हे दोघं गेले तर या गॅरेजात आपण कुणावर ओरडायचं, असं त्यांच्या मनात आलं. एवढं सगळं आत चाललेलं, आणि तोंडानं काय म्हणाले? "जाऊ दे जायचं तर! माझं कुणावाचून अडत नाही."

शुक्रवारी दुपारी तीन वाजता जावई नवी बॅटरी आणायला बाहेर पडला. काका एकटेच राहिले. पुढचं सगळं बघून झालं होतं. म्हटलं, मागचंही एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं, या यंत्रवाल्यांचा काय भरवसा. त्यांनी डिकी वर केली आणि बिजागरीजवळचं कव्हर काढलं. कव्हराला सहा क्लिपा. पाच जुन्या, पिवळ्या पडलेल्या, आणि एक पांढरी, कोरी करकरीत. ही जावयाची खोड. जुनं प्लास्टिक काढताना क्लिप तुटते, सगळे ती डिंकानं चिकटवून मोकळे होतात. हा पठ्ठ्या नवी घालतो. म्हणजे कव्हर उघडलं होतं त्यानं, खोटं बोलला नव्हता. काकांनी आत टॉर्च मारला.

डिकीकडे जाणाऱ्या वायरींचा जुडगा बिजागरीपाशी वळतो, आणि अगदी त्या वळणातच कुणीतरी जॉइंट मारला होता. डिकी उघडली की वायर वाकणार, बंद केली की सरळ होणार. वर्षानुवर्षं वाकून वाकून वरचं रबर फाटलं होतं आणि उघडं तांबं शेजारच्या वायरीला टेकलं होतं. वायपर, डिकीचं कुलूप, गळणारी बॅटरी, सगळ्याचं मूळ हेच. काकांना शब्द सापडले. "सापडलास गाढवा! अरे, वायर वाकते तिथे कधी जॉइंट मारतात का रे, अक्कलशून्य..."

आणि ते मध्येच थांबले. जॉइंटवर टेप होती, टेपवर मेणाचा दोरा गुंडाळलेला होता, आणि दोऱ्याला दुहेरी गाठ होती, टोकं आत खोचलेली. त्यांच्या उस्तादानं शिकवलेली गाठ. उस्ताद कधीच वारले, आणि अशी गाठ बांधणारा माणूस या गावात एकच होता.

मग आठवलंच. नऊ वर्षं झाली असतील. कुणाचा तरी ड्रायव्हर घाईघाईत आला होता, साहेबांना रिव्हर्स कॅमेरा हवाय, अर्ध्या तासात द्या, म्हणून डोक्यावर उभा राहिला होता. वायर कमी पडली होती. आणायला जायचा कंटाळा केला, आणि हाताशी आलं तिथे जोडून टाकलं. साहेब म्हणजे जजबाईंचा भाऊ, हे आज कळत होतं.

काका डिकीच्या काठावर मटकन बसले. तीन दिवस घातलेल्या शिव्या एकेक करून परत त्यांच्या कानांवर आल्या. उस्तादाला फटके मारायचं बोललो होतो, बापरे! पण त्याहून दुसरी गोष्ट हळूहळू उजेडात आली, आणि तिनं त्यांना जास्त हलवलं. ही गाठ जावयाला ओळखता येत नव्हती असं थोडंच होतं? चार वर्षं तो ती रोज बघतोय. मंगळवारीच, पहिल्या अर्ध्या तासातच, त्याला सगळं दिसलं होतं. आणि नंतर तीन दिवस तो सीटखाली डोकं घालून, काही सापडत नाही असं दाखवत, गिऱ्हाइकासमोर डॉक्टर डॉक्टर म्हणवून घेत बसला होता.

दहा मिनिटांचं काम होतं. जॉइंट कापायचा, नवी वायर लांबून फिरवायची, दोरा खिशात घालायचा. पाच वाजता जजबाईंना म्हणायचं, सापडलं बाई, शेवटी म्हाताऱ्यालाच सापडलं. जावई बोलला नसता, बाकी कुणाला पत्ता लागला नसता. काकांनी पक्कड उचलली, जॉइंटजवळ नेली, आणि परत खाली ठेवली. कव्हर तसंच उघडं सोडून ते हात पुसत बसून राहिले.

पावणेपाचलाच जजबाई हजर. त्यांच्या मागोमाग बॅटरी खांद्यावर घेऊन जावई. उघडी डिकी त्याला लांबूनच दिसली आणि त्याचा चेहरा पडला.

"काय, वायरकाका? आरोपी सापडला?" जजबाईंनी विचारलं.

"सापडला, बाई. तुमच्यासमोर उभा आहे."

जजबाईंनी जावयाकडे बघितलं.

"अहो, तिकडे काय बघताय! मी, मी! मी गाढव!" काका छातीवर हात आपटत ओरडले. ओरडल्याशिवाय त्यांना येतच नव्हतं. "नऊ वर्षांपूर्वी हा जॉइंट मी मारला. आळस केला आणि नको तिथे मारला. तुम्ही स्टिअरिंगला चिकटलात ते माझ्यामुळे. आणि हा शोधला कुणी, विचारा. यांनी! पहिल्या दिवशी! मी तीन दिवस यांची टर उडवली आणि हे तोंड शिवून बसले."

टेबलाशी लेक उभी राहिली होती.

"मामा, जॉइंट मजबूत होता हो," जावई पुटपुटला. "नऊ वर्षं टिकला म्हणजे..."

"खबरदार मला सांभाळून घ्याल तर! सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगणार? मी सांगायला आलो तोवर तुम्ही त्या गाढवाच्या सात पिढ्यांपर्यंत मजल मारली होती. म्हटलं, गुपचूप दुरुस्त करून टाकू, तुम्ही जेवायला घरी गेलात की. तीन दिवस वाट बघतोय! तुम्ही डबाच इथे मागवायला लागलात."

जजबाईंना हसू आवरेना. लेक हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. काका हसले नाहीत. ते जावयासमोर जाऊन उभे राहिले. तोंडातल्या तोंडात दोनदा काहीतरी जुळवलं, मग बोलले.

"चुकलो. गाडीचं तर चुकलोच, तुमच्या बाबतीत जास्त चुकलो. तुमच्यासारखा कारागीर मी बघितला नाही. माझे उस्ताद धरून सांगतो. जाऊ नका."

जावयानं खांद्यावरची बॅटरी हळूच खाली ठेवली. "मामा... मी सकाळीच त्यांना हो कळवलंय."

काकांचा चेहरा असा उतरला की लेकीला बघवेना. तेवढ्यात मागून तो खुर्चीवरचा आवाज आला.

"मग निकाल बदला. फोन आहे ना खिशात?"

"आणि कारण काय सांगू त्यांना?"

"सांगा, सासऱ्याला उशिरा अक्कल आली!" काका म्हणाले.

जावयानं लेकीकडे बघितलं. तिनं मानेनंच लाव म्हटलं. त्यानं फोन लावला आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला. "नमस्कार साहेब... हो, सकाळी हो म्हणालो होतो खरा. पण आता नाही जमणार... नाही नाही, पगाराचा प्रश्न नाही. घरचे सोडत नाहीत मला."

"जोरात सांगा!" डिकीत डोकं घातलेले काका आतून ओरडले. "त्यांना ऐकू गेलं नसेल!"