हुसेन तांडेलांचा आवाज

हुसेन तांडेलांच्या मुलीचं, बुरोंडीच्या अजराचं पत्र गणपतीपासून वाचनालय सांभाळणाऱ्या आप्पांच्या खणात पडून होतं. “अब्बा गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. वाचनालयासाठी तुम्ही तो रेकॉर्ड केला होतात. मिळेल का?” एवढंच. आहे म्हणावं, तर वाचनालयाच्या संकेतस्थळावर तो वाजत नव्हता. नाही म्हणायला हात धजत नव्हता. आप्पा उत्तर लिहायला बसत आणि लिहिलेलं फाडत.

“संगणक बंद करून चालू करा की,” कार्यवाह विनीत म्हणायचा. आप्पांना तेवढाही धीर होत नसे. पण आता इन्व्हर्टरची बॅटरी फुगली होती. ती बदलायची म्हणजे संगणक बंद होणारच. शेवटी त्यांनी चिपळूणला तेजस्वीला फोन लावला. संकेतस्थळ तिनेच उभं केलं होतं.

तिने आधी विचारलं, “कधी बंद नाही ना केलंत? सगळं एका कंटेनरमध्ये चालतंय, संगणकातल्या बंद पेटीत म्हणा. मी ती चाचणीपुरती लावली होती. थांबली की आतल्या फाइलींसकट पुसली जाते. पक्की करायची राहूनच गेली, आप्पा.”

“मग आता?”

“चालू आहे तोवर आत शिरायचं. मी सांगते ते टाइप करा.”

“माझ्याच हातून पुसलं गेलं तर?”

“तुम्ही भित्रे म्हणून तर आजवर वाचलं. तसंच भीत भीत करा.”

एकेक अक्षर तिला वाचून दाखवत आप्पांनी आज्ञा लिहिली. काळ्या पडद्यावर नवी ओळ उमटली. शेल, म्हणजे आत आज्ञा लिहायची जागा, उघडला होता. ते कंटेनरच्या आत होते. तिच्या सांगण्यावरून त्यांनी फाइलींची नावं मागवली. सरसर नावं आली, आणि त्यांत हुसेन तांडेल.

“आहे गं,” आप्पा कसेबसे म्हणाले.

“आता एक्झिट लिहून बाहेर या.”

बोटं थबकली. “मी बाहेर पडलो की सगळं थांबणार नाही ना?”

“नाही. आपण बाजूच्या दाराने शिरलोय. आपण गेलो तरी आतलं काम चालूच राहतं.”

बाहेर येऊन दुसऱ्या आज्ञेने त्यांनी सगळ्या फाइली संगणकावर उतरवून घेतल्या आणि तांडेलांची लावली. आधी लाटांची गाज, मग तो घोगरा आवाज: “आप्पा, तुमची मशीन ऐकतेय ना, की मी मतलई वाऱ्याशीच बोलतोय?” मागे आप्पांचं हसू. आपण हसलो होतो, हे ते विसरूनच गेले होते.

“अजराबेटी, फार उशीर केला. आवाज आहे. सोबत पाठवतो,” त्यांनी लिहिलं. या वेळी फाडलं नाही. आवाज पेन ड्राइव्हवर घेऊन तो चिठ्ठीसोबत पाकिटात घातला आणि पोस्टात जाऊन पाकीट खिडकीतून आत सरकवलं.